आत्या रडत नव्हती

कारखान्यातली माणसं आपल्याशी गोड बोलायला लागली आहेत हे ध्यानात आलं, आणि आत्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

आता गोड बोलण्यात राग येण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. पण तुम्ही आत्याला पाहिलेलं नाही. सूत रंगवायच्या त्या कारखान्यात ती शेडरूम सांभाळायची. गिऱ्हाईक हवा असलेल्या रंगाचा नमुना पाठवायचं, खालच्या मजल्यावर त्या रंगाचं सूत तयार व्हायचं, आणि ते नमुन्याशी जुळलं की नाही हे वर बसून आत्या ठरवायची. जुळलं, तर लॉटच्या चिठ्ठीवर तिचा शिक्का. नाही जुळलं, तर लॉट खाली परत, आणि लॉटबरोबर तोंडभर शेलक्या शब्दांचा आहेर. बॉयलरवाला चांगला धिप्पाड गडी, पण आत्या जिन्यावरून उतरताना दिसली की तोही उगाच हातात फडकं घेऊन काहीतरी पुसायला लागायचा. नात्यानं ती तिथे कुणाचीच आत्या नव्हती. कारखान्याची आताची मालकीण लहानपणी वडिलांचं बोट धरून यायची आणि हिला आत्या म्हणायची, म्हणून मग सगळेच म्हणू लागले.

अशा बाईला जर बॉयलरवाला म्हणाला, "आत्या, जिना सावकाश उतरा हं," तर तिनं काय समजायचं?

झालं होतं असं. सोफ्याच्या कापडासाठी पाठवलेला राखाडी सुताचा एक अख्खा लॉट गिऱ्हाइकानं परत पाठवला होता. दिवसाउजेडी ठीक दिसतो, पण दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली हिरवा मारतो, अशी तक्रार. चिठ्ठीवर शिक्का आत्याचा. तिनं पास केलेला लॉट परत आल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. मालकीणबाईच्या केबिनमध्ये सगळे जमले, परत आलेल्या सुताची लड टेबलावर ठेवली, आणि आत्या तावातावानं सांगायला लागली की शेडरूमचे दिवे जुने झालेत, मी कधीची ओरडतेय, कुणी ऐकतं का माझं? बोलता बोलता तिच्या दोन्ही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

पोपट पाण्याचा पेला घेऊन धावला. हा पोपट म्हणजे शेडरूममधला तिचा जोडीदार. पुरुषमाणूस, दोन मुलांचा बाप, पण तोंडाला कुलूप म्हणून नाही, त्यामुळे हे नाव पडलेलं.

"मी रडत नाहीये!" आत्या गरजली.

"नाही, नाही, कुठे रडताय?" पोपट इतक्या मऊ आवाजात म्हणाला की तिला तो पेला त्याच्याच डोक्यावर उपडा करावासा वाटला.

एक सांगतो, गालावरून पाणी ओघळत असताना 'मी रडत नाही' असं जितक्या जोरात म्हणावं, तितकी समोरची माणसं जास्त कळवळतात. आणि हे एकदाच झालं असतं तर गोष्ट वेगळी. गेले कित्येक आठवडे तिचे डोळे असेच वाहत होते. जिन्यात, फाटकाशी, फोनवर बोलताना. केबिनमधल्या त्या प्रकारानंतर सगळ्यांनी आपापले तर्क जोडून टाकले. बिचारी खचली. वय झालं. मनाला लावून घेतलंय तिनं.

इतरांना हाकलून मालकीणबाईनं दार लावलं. चारचौघांत ती आत्याला 'तुम्ही' म्हणायची, दार लागलं की 'तू'.

"आत्या, बसच्या सीटांचा मोठा लॉट येतोय. मरून रंगाचा. तो चुकला तर ते गिऱ्हाईक गेलंच म्हणून समज, आणि ते गेलं तर खालच्या निम्म्या माणसांना मी काम कुठून देऊ? तोवर डोळे दाखवून ये. नाहीतर थोडे दिवस शिक्का पोपटकडे देऊ या आपण."

"पोपटकडे!" आत्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "पिवळा आणि केशरी ह्यातला फरक त्याला मी शिकवलाय!"

"म्हणून तर म्हणतेय. तुझाच हात आहे तो." मालकीणबाई बोलायला मऊ होती, पण मागे हटणारी नव्हती. हा गुण तिच्यात कुठून आला हे आत्याला चांगलं ठाऊक होतं, म्हणून तिचा आणखीच जळफळाट झाला.

घरी आल्यावर तिनं सगळा राग नवऱ्यावर काढला. हे पोस्टातून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. कुणी कितीही आदळआपट केली तरी आधी त्याच्या हातात चहाचा कप देणारे.

"अगं, मी तरी वेगळं काय म्हणत होतो? डोळे दाखव म्हणून किती मागे लागलोय."

"दाखवते ना! उद्याच दाखवते. आणि त्या डॉक्टरकडून लिहूनच आणते, की ही बाई रडत नाही."

तर अशी आत्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. बरं व्हायला नव्हे, पुरावा आणायला.

डॉक्टर होती एक तरुण बाई. तिनं आधी कागदाच्या बारीक पट्ट्या आत्याच्या खालच्या पापण्यांत अडकवून ठेवल्या. मग डोळ्यांत रंगाचा एक थेंब सोडला, खोलीत अंधार केला आणि निळ्या उजेडाखाली बघायला लागली.

"कुठला रंग घातलात?" आत्यानं विचारलं.

"पिवळा आहे. धुऊन जाईल."

"पिवळा नाही तो. आरशात बघितला मी, हिरव्याकडे झुकलाय."

"हनुवटी हलवू नका," डॉक्टर म्हणाली. आत्याला ती बाई तिथेच आवडून गेली.

तपासणी झाली, दिवा लागला. डॉक्टर म्हणाली, "तुमचे डोळे कोरडे आहेत."

आत्यानं आपला ओला रुमाल टेबलावर ठेवला. "डॉक्टर, हा पिळून दाखवू का?"

"नका, कागदपत्रं भिजतील. सांगते ऐका. आपल्या डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर असतो, आणि तो उडून जाऊ नये म्हणून त्याच्यावर तेलाचा थर असतो, दुधावर साय असते तसा. पापणीच्या कडेला त्या तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. तुमच्या ग्रंथींतलं तेल घट्ट झालंय, त्यामुळे थर टिकत नाही. डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो, आणि मग घाबरून एकदम पाणी सोडतो. ते पाणी डोळ्यावर थांबतच नाही, सरळ गालावर येतं. नजरही त्यामुळे मधूनमधून धूसर होत असेल."

"होते. पापणी मिटली की साफ होते."

"बरोबर. पापणीच तो थर पसरवते. कामाच्या वेळी पापण्या मिटता ना?"

"कामाच्या वेळी?" आत्या ताठ बसली. "कामाच्या वेळी मी पापणी हलवत नाही."

हा तिचा अभिमानाचा विषय होता. तिला ज्यांनी रंग शिकवला त्या म्हाताऱ्या उस्तादांचा नियमच होता तसा. नमुन्यावरची नजर उचलून लडीवर नेईपर्यंत पापणी पडता कामा नये, नाहीतर डोळ्यातला रंग पुसला जातो आणि तुम्ही आठवणीतल्या रंगाशी तुलना करत बसता. हे तिनं इतकं अंगी बाणवलं होतं की सूत वाळवायच्या यंत्रांची गरम कोरडी हवा तोंडावर येत असतानाही ती पुतळ्यासारखी बघत राहायची. पोपटलाही तिनं तसंच तयार केलं होतं. हे सगळं तिनं डॉक्टरला अगदी रंगवून सांगितलं.

डॉक्टरनं दोन्ही हात कपाळाला लावले. "उस्तादांना माझा नमस्कार सांगा, आणि आजपासून पापणी मिटा. पूर्ण मिटा, खालच्या पापणीला टेकेपर्यंत."

मग तिनं थेंब लिहून दिले, कोमट पाण्यात भिजवलेल्या कपड्यानं शेकायला सांगितलं, पंख्याचा झोत तोंडावर नको म्हणाली. आत्या उठणार तेवढ्यात तिनं विचारलं, "झोप कशी लागते?"

"डोळे दाखवायला आलेय मी."

"म्हणूनच विचारतेय. कोरड्या डोळ्यांच्या बऱ्याच माणसांची झोप बिघडलेली असते. बऱ्याच जणांचं मनही उदास असतं. आधी काय आणि मागून काय, हे अजून कुणी छातीठोकपणे सांगत नाही. पण दोन्ही एकमेकांना खाली ओढतात असं दिसतं. डोळे चुरचुरले की झोप मोडते, झोप मोडली की डोळे आणखी बिघडतात. आणि मन खचलेलं असलं की तेवढीच चुरचुर जास्त खुपते. नुसते थेंब घालून अर्धंच काम होतं मग. तर, झोप?"

"छान लागते," आत्या म्हणाली.

"आणि मन कसं आहे?"

"मन जागेवर आहे. तुम्ही मला फक्त लिहून द्या, मी रडत नाही म्हणून."

डॉक्टर हसली. तिनं खरंच लिहून दिलं, की डोळे कोरडे असल्यामुळे पाणी येतं. त्याच कागदाच्या खाली तिनं एका मानसोपचार डॉक्टरांचं नाव आणि फोनही लिहिला. आत्यानं घरी जाऊन कात्री घेतली, खालचा भाग कापून कचऱ्यात टाकला आणि वरचा भाग दुसऱ्या दिवशी शेडरूमच्या दारावर चिकटवला.

थेंबांनी आणि शेकानं गुण आला, लगेच नाही पण आला. पाणी वाहायचं कमी झालं. पापणी मिटायची सवय लावून घेताना तिला चोरी केल्यासारखं वाटायचं, पण लडीवरचा रंग स्वच्छ दिसायला लागला. बॉयलरवाल्याला तिनं जिन्यातच अडवलं आणि सांगितलं, "जिना मी मला हवा तसा उतरेन." तो बिचारा खूश झाला. पोपटला तिनं हुकूम सोडला की उद्यापासून तूही पापणी मिटायचीस. तो म्हणाला, मी पहिल्यापासून चोरून मिटतोच, आत्या. हे ऐकून ती थक्कच झाली.

सगळं कसं झकास चाललं होतं. म्हणजे, बाहेरून बघणाऱ्याला.

आत्या डॉक्टरशी खोटं बोलली होती. तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. पडल्या पडल्या जरा झोप लागायची, पण उजाडायच्या कितीतरी आधी ती टक्क जागी व्हायची आणि तशीच पडून राहायची. डोळे चुरचुरत होते तोवर तिनं ते डोळ्यांवर ढकललं होतं. आता डोळे चुरचुरत नव्हते, आणि जाग तशीच येत होती. शिवाय आणखी एक होतं, आणि त्याला काय म्हणावं हे तिला कळत नव्हतं. कशातच राम वाटत नव्हता. लेकीचा फोन यायचा तेव्हा पूर्वी ह्यांना खुणा करून गॅस बंद करायला सांगायची, इतक्या गप्पा रंगायच्या. आता ती 'हो का' आणि 'बरं' ह्या दोन शब्दांत फोन उरकायची. जेवायचं म्हणून जेवायची. अंघोळ करणंसुद्धा जिवावर यायचं.

दुःख म्हणावं तर काही झालंच नव्हतं. नवरा असा, लेक सुखात, घरात कुणी आजारी नाही. उगाच कुणाला काय सांगायचं? लोक म्हणतील, बाईला सुख दुखतंय. ती स्वतःच स्वतःला तसं म्हणत होती.

आणि मग मरून लॉट आला.

दुपारची वेळ होती. पोपट खाली गेला होता. आत्यानं नमुना आणि लड दिव्यांच्या पेटीत शेजारी शेजारी ठेवली. दिवसाच्या उजेडासारखा पांढरा दिवा लावला. पापणी मिटली, उघडली, बघितलं. रंग जुळत होता. मग तिनं पिवळा दिवा लावला. पुन्हा पापणी मिटली, उघडली, बघितलं.

लड विटकरी मारत होती. थोडीशीच, पण मारत होती. नजर अगदी स्वच्छ होती, शंकेला जागाच नव्हती. तिला फरक दिसला.

फरक दिसला, आणि तिच्या हातानं शिक्का उचलला. शाईच्या गादीवर टेकवला. मनात कुणीतरी कंटाळून म्हणत होतं, चालेल. कोण बघतंय बसच्या सीटा एवढ्या निरखून? परत खाली पाठवायचं, त्यांच्याशी वाद घालायचा, पुन्हा वर आलं की पुन्हा बघायचं. कशाला? चालेल.

चालेल! ह्या शब्दाला त्या खोलीत बंदी होती. पोपटच्या तोंडून एकदा निघाला होता, तर तिनं त्याला आठवडाभर दिव्याजवळ उभं केलं नव्हतं. आणि आज तो तिच्याच डोक्यातून निघाला होता, आणि तिला त्याचा रागसुद्धा आला नव्हता.

शिक्का चिठ्ठीपासून वीतभर अंतरावर होता. आत्यानं हात तिथेच धरला. आणि मग तिला तो राखाडी लॉट आठवला. नीट आठवला. दिवे जुने नव्हते. डोळ्यांतलं पाणीही त्या वेळी आड आलं नव्हतं. पिवळ्या दिव्याखाली ती लड हिरवी मारताना तिला दिसली होती, आणि तेव्हाही तिनं असाच शिक्का उचलला होता. दिसलं होतं, पण त्याचं काही वाटलं नव्हतं. इतके दिवस ती दिव्यांवर आणि डोळ्यांवर खापर फोडत फिरत होती, आणि ते सगळं झूठ होतं.

ती खूप घाबरली. आयुष्यात इतकी कधी घाबरली नव्हती. पण घाबरली तरी आत्या ती आत्याच. तिनं शिक्का पुसला, मुठीत घट्ट धरला, आणि तडक केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं.

"मरून लॉट खाली परत पाठव. पिवळ्या दिव्यात विटकरी मारतोय. आणि हा शिक्का. आजपासून पोपटकडे."

मालकीणबाई खुर्चीतून उठलीच. "अगं, पण डोळे तर बरे झाले ना?"

"डोळे ठणठणीत आहेत. मला सगळं दिसतंय. मला त्याचं काही वाटत नाहीये, हा घोळ आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे वाईट रंग बघून मला राग येत नाहीये, बाळ. तो राखाडीही मला दिसला होता. मी दिव्यांवर ढकललं. दिव्यांचा काही दोष नव्हता."

मालकीणबाईनं तिच्याकडे बघितलं. लहानपणापासून ज्या बाईच्या रागाला ती भीत आली होती, त्या बाईला राग येत नव्हता. तिला ते लॉट परत येण्यापेक्षा भयंकर वाटलं असावं, कारण ती टेबलाला वळसा घालून आली आणि आत्याला मिठीच मारली.

"आत्या, खूप रडू येतंय का तुला?"

"नाही ना! तेच तर. रडू आलं असतं तरी बरं झालं असतं. काहीच येत नाही." आत्यानं तिची मिठी सोडवली, पण हळूच. "मी डॉक्टरकडे जाणार आहे. मनाच्या. बरी होऊन परत येईन, आणि शिक्का परत मागेन. तोवर माझ्याशी गोड बोलायचं नाही. कुणीच."

हे सगळं तिनं नेहमीच्याच ठसक्यात सांगितलं. बाहेर जिन्यात मात्र तिला खाली बसावं लागलं.

घरी ह्यांना सांगायला तिला जास्त वेळ लागला. चहाचा कप हातात फिरवत ती म्हणाली, "अहो, मला झोप लागत नाही."

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे? कधीपासून?"

"तुला लागत नाही तेव्हापासून मला तरी कुठे लागते?"

"मग बोलला का नाहीत?"

"एकदा विचारलं होतं, जागी आहेस का म्हणून. तू म्हणालीस, नाही, झोपलेय."

आत्याला हसू यायला हवं होतं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. ती म्हणाली, "त्या डॉक्टरला मी कारण काय सांगू? कुणी गेलं नाही, काही बुडालं नाही. तुम्ही हे असे आहात. मला उदास व्हायला काही जागाच नाही हो."

"गुडघा दुखतो तेव्हा त्याला विचारतेस का, बाबा रे, तुला काय कमी आहे?" हे म्हणाले. मग कपाटातून एक कागद काढून त्यांनी तिच्यापुढे ठेवला. आत्यानं कापून टाकलेला तुकडा होता तो. कचऱ्यातून काढून, पुसून, त्यांनी ठेवून दिला होता. "उद्या जाऊ. मी बाहेर बसेन. हवं तर आत येईन."

मानसोपचार डॉक्टरांनी कारण विचारलंच नाही. हा आजार कारणाशिवायही येतो म्हणाले. त्यांनी झोपेपासून सुरुवात केली. सकाळी उठायची वेळ एकच ठेवायची, घड्याळाकडे बघत पडून राहायचं नाही, आणि आठवड्यातून एकदा येऊन बोलायचं. आत्या म्हणाली, परक्या माणसाशी काय बोलणार मी? आणि मग इतकं बोलली की पुढचा पेशंट दारावर टकटक करायला लागला. त्यांनी एक गोळीही दिली. त्या गोळीनं डोळे पुन्हा कोरडे पडायला लागले, तेव्हा तिनं गुपचूप सोसलं नाही, जाऊन सांगितलं. त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरशी बोलून गोळी बदलली.

एका रात्रीत जादू झाली असं मी सांगणार नाही, कारण झाली नाही. मध्ये एक पंधरवडा असा आला की तिला सगळं सोडून द्यावंसं वाटलं. काही उपयोग नाही म्हणाली. ह्यांनी तिच्या चपला दारापाशी आणून ठेवल्या. ती गेली.

कारखान्यात ती रोज यायची आणि पोपटच्या शेजारी बसायची. शिक्का त्याच्या हातात. तो विचारायचा, "आत्या, ठीक आहे ना हा?" ती म्हणायची, "तुझा शिक्का, तू बघ." पहिले काही आठवडे तिला त्याचंही काही वाटत नव्हतं. मग एक दिवस त्यानं चिठ्ठीवर ठप्पकन शिक्का मारला. आपला होता तो, असं तिला वाटलं. फार वाईट वाटलं. जिन्यात उभं राहून तिनं ते वाईट वाटणं नीट अनुभवून घेतलं, कारण बऱ्याच दिवसांत काही वाटलंच नव्हतं.

आणि मग ती सकाळ आली. उशांच्या अभ्र्यांसाठीच्या सुताचा निळा लॉट होता. पोपटनं दोन्ही दिव्यांखाली बघितलं, मान डोलावली आणि शिक्का उचलला. आत्या शेजारीच होती. तिनं सहज नजर टाकली, पापणी मिटून पुन्हा टाकली.

"थांब."

"काय झालं, आत्या?"

"हा निळा आहे?"

"निळाच आहे की."

"हा निळा आहे? गिऱ्हाइकानं आकाश मागितलंय आकाश, आणि तू त्याच्या गळ्यात प्लॅस्टिकची बादली बांधतोयस! डोळे आहेत का बटणं शिवलीत? नमुन्यात जांभळ्याची छटा आहे ती कुठे गेली? खाली रंगाच्या ड्रमपाशी काय झोपा काढतात सगळे? बोलाव त्यांना! आणि तू रे, तू इतकी वर्षं माझ्याजवळ उभा राहून काय शिकलास, गप्पा मारायला?"

आवाज वाळवायच्या यंत्रांच्या वर चढला. खालच्या मजल्यावर बॉयलरवाल्यानं कान टवकारले आणि हातात फडकं घेतलं. पोपट तोंड उघडं टाकून ऐकत होता, आणि त्याचं तोंड हळूहळू हसरं होत चाललं होतं.

"हसतोस काय, गाढवा!"

"काही नाही, आत्या. बोला ना. अजून बोला."

मालकीणबाई दारात येऊन उभी होती. तिनं लड हातात घेतली, उजेडाशी धरली, आणि लॉट खाली पाठवायला सांगितला. मग आत्याला विचारलं, "शिक्का परत घेताय?"

आत्या अजून धापा टाकत होती. कान तापले होते. छान वाटत होतं.

"सकाळी माझ्याकडे," ती म्हणाली. "दुपारनंतर ह्याच्याकडे. दुपारी माझे डोळे दमतात आणि डोकंही दमतं, आणि ते लपवत बसायला मला सवड नाही. ज्या दिवशी झोप झाली नसेल त्या दिवशी मी सकाळीच सांगेन. कुणाला काही म्हणायचंय?"

पोपटनं शिक्का पुसला आणि तिच्या हातात ठेवला.

त्या संध्याकाळी जेवताना तिनं ह्यांना सगळं भांडण सांगितलं. पोपट कसा म्हणाला, आपण काय म्हणालो, मग तो कसा खुळ्यासारखा हसायला लागला. हे घास हातात धरून ऐकत होते. सांगून झालं तशी ती पाणी प्यायली.

"एवढ्याशा फरकावरून एवढं भांडलीस?" ह्यांनी विचारलं.

"एवढासा?" आत्यानं भांडं दाणकन खाली ठेवलं. "एवढासा म्हणता तुम्ही ह्याला? अहो, नमुन्यात जांभळ्याची छटा होती..."

आणि तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. हे मुद्दाम तसं म्हणाले होते.